शरीराबाहेरचें फुप्फुस आणि त्याचा प्रवास

आजारी माणसास हलवूं नये, असा आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींचा दंडक असे. घरांत कोणी तापानें तळमळूं लागला कीं त्याची खाट भिंतीच्या कडेला लावावयाची, खिडकीवर जाडसें फडकें टाकावयाचें, मुलांनीं त्या खोलीकडे फिरकावयाचें नाहीं, आणि वैद्यबोवा असोत वा डॉक्टरसाहेब असोत, त्यांनींच घरीं पायधूळ झाडावयाची. या दंडकाच्या मुळाशीं केवळ अडाणीपणा होता असें समजण्याचें कारण नाहीं. गाडीच्या धक्क्यांनीं धड माणूस आजारी पडतो, मग आजारी माणसाची गोष्ट कशाला! आजचे अतिदक्षता विभागांतील तज्ज्ञहि हेंच सांगतात. फक्त त्यांचे शब्द निराळे असतात. परंतु कांहीं रुग्ण असे असतात कीं, जेथें आहेत तेथेंच ठेवले तर ते वांचत नाहींत, आणि दुसरीकडे नेऊं गेलें तर वाटेंतच जातात. या दुहेरी पेचांतून वैद्यकानें जी वाट काढली, तिची हकीकत आजच्या भाषणांत सांगावयाची आहे.

असा एक रुग्ण डोळ्यांपुढें आणावा. वय चाळिशीच्या अलीकडे, प्रकृति एरवीं धडधाकट. सर्दीचें निमित्त झालें, ताप चढला, चौथ्या-पांचव्या दिवशीं धाप लागली, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांत त्यास कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर, ठेवावें लागलें. माणसाच्या फुप्फुसांत द्राक्षांच्या घोसांप्रमाणें तीस कोटींहून अधिक सूक्ष्म कोश असतात. न्युमोनियानें हे कोश पाण्यानें व पुवानें भरून येतात. व्हेंटिलेटर हवा आंत ढकलूं शकतो. पण त्या हवेंतील प्राणवायु रक्तांत उतरविणें हें काम त्याचें नव्हे, तें फुप्फुसानेंच करावयाचें असतें. भिजून चिंब झालेल्या कापसांत कितीहि जोरानें फुंकर घातली तरी ती पलीकडे पोंचत नाहीं, तसा हा प्रकार होतो. मग डॉक्टर शुद्ध प्राणवायु देतात, यंत्राचा दाब वाढवितात, रुग्णास तासन् तास पालथा निजवून पाहतात. पुष्कळदां एवढ्यानें काम होतें. जेव्हां होत नाहीं, तेव्हां वाढविलेला दाबच उरल्यासुरल्या चांगल्या कोशांना फाडूं लागतो. म्हणजे ज्याच्या आधारावर रुग्ण तगून आहे, तेंच त्याचें फुप्फुस झिजवीत असतें.

अशा वेळीं फुप्फुसास कांहीं दिवस संपूर्ण रजा देतां आली तर? या प्रश्नाचें उत्तर म्हणजे एक्मो. ‘एक्स्ट्राकॉर्पोरियल मेंब्रेन ऑक्सिजनेशन’ या लांबलचक नांवाचीं तीं आद्याक्षरें होत. जांघेंतील मोठ्या शिरेंतून करंगळीएवढी जाड नळी आंत सारून काळपट रक्त बाहेर काढावयाचें, एका छोट्या पंपानें तें पापुद्र्याच्या कृत्रिम फुप्फुसांतून फिरवावयाचें, आणि लाल झालेलें रक्त दुसऱ्या नळीनें मानेच्या शिरेंतून परत शरीरांत सोडावयाचें, अशी ही योजना आहे. हृदयच दुबळें झालें असेल तर रक्त शिरेंत न सोडतां धमनींत सोडतात, म्हणजे हृदयाचेंहि ओझें यंत्राच्या खांद्यावर येतें. कृत्रिम फुप्फुसांत केसासारखे बारीक पोकळ तंतु हजारोंनीं बसविलेले असतात. तंतूंच्या आंतून प्राणवायु वाहतो, बाहेरून रक्त वाहतें, आणि तंतूच्या भिंतींतून दोन्ही वायूंची देवघेव होते. या सर्व तंतूंचा मिळून पृष्ठभाग दोन चौरस मीटरांहून कांहींसा कमीच भरतो. निसर्गानें दिलेल्या फुप्फुसाचा पृष्ठभाग सुमारें सत्तर चौरस मीटर असतो. मनुष्यानें केलेल्या नकलेची लायकी यावरून ध्यानांत यावी. तथापि एका माणसाचा जीव धरून ठेवण्यास ती पुरते.

या यंत्राचा पूर्वज म्हणजे शस्त्रक्रियेच्या दालनांतील हृदय-फुप्फुस यंत्र. त्याची कल्पना बोस्टन येथील जॉन गिबन या तरुण शल्यवैद्याला १९३१ च्या सुमारास एका रात्रीं सुचली. फुप्फुसाच्या धमनींत रक्ताची गुठळी अडकलेल्या एका स्त्रीच्या उशाशीं बसून रात्रभर तिची नाडी पाहण्याचें काम त्याच्याकडे होतें. तिच्या शिरांतील रक्त डोळ्यांदेखत काळवंडत चाललें होतें, आणि तें काळें रक्त बाहेर काढून, लाल करून परत घालतां आलें असतें तर ती वांचली असती, या एका विचारानें त्याचा पुढें अनेक वर्षें पिच्छा पुरविला. ती स्त्री वांचली नाहीं. गिबन व त्याची पत्नी मेरी या उभयतांनीं मिळून प्रयोग चालविले, मध्यें महायुद्धानें खंड पाडला, आणि ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें एका अठरा वर्षांच्या मुलीचें हृदय यंत्राच्या आधारानें उघडून दुरुस्त करण्यांत आलें. परंतु त्या यंत्रांत रक्ताचा व प्राणवायूचा प्रत्यक्ष स्पर्श होई. त्यामुळें कांहीं तासांतच रक्त खराब होऊं लागे. तासांचे दिवस करावयाचे तर मध्यें पापुद्रा हवा होता. तो सिलिकॉन रबराच्या रूपानें मिळाला. १९७१ सालीं कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा येथें डोनाल्ड हिल यांनीं अपघातांत जबर जखमी झालेल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणास ७५ तास यंत्रावर ठेवून वांचविलें. १९७५ सालीं त्याच प्रांतांत रॉबर्ट बार्टलेट यांनीं एक नवजात बालिका वांचविली. आईनें टाकून दिलेल्या त्या मुलीला परिचारिकांनींच स्पॅनिश भाषेंतील ‘आशा’ या अर्थाचें नांव ठेवलें.

आशा पुढें कांहीं काळ मावळली हेंहि सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत नव्वद प्रौढ रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक प्रयोगाचा निकाल १९७९ सालीं बाहेर पडला. यंत्रावर ठेवलेले आणि न ठेवलेले, या दोन्ही गटांत दहांतील नऊ रुग्ण दगावले होते. प्रौढांसाठीं हें यंत्र बहुतेक ठिकाणीं अडगळींत गेलें. नवजात बालकांच्या बाबतींत मात्र तें यशस्वी होत राहिलें, आणि प्रवासाचा प्रश्न प्रथम उभा राहिला तो या तान्ह्या बालकांच्या निमित्तानेंच.

प्रश्न असा होता. यंत्र व त्यावर काम करणारीं माणसें देशांत मोजक्याच ठिकाणीं, आणि मुलें तर गांवोगांव जन्मणार. मूल मोठ्या रुग्णालयांत आणून द्यावें, मग आम्हीं यंत्रावर घेऊं, असा रिवाज पडला होता. परंतु जें मूल यंत्रावांचून तास दोन तासहि काढूं शकत नाहीं, तें वाटेंतील तास कसे काढणार? १९९० सालीं अमेरिकेंतील कांहीं डॉक्टरांनीं या ‘छुप्या मृत्यूं’कडे बोट दाखविलें. मोठ्या रुग्णालयांच्या वहीत जे आंकडे येत ते यंत्रावर चढलेल्या बालकांचे. जीं वाटेंत गेलीं, किंवा हलविण्याची तयारी होईपर्यंत गेलीं, त्यांची नोंद यशाच्याहि खान्यांत नाहीं आणि अपयशाच्याहि नाहीं. परीक्षेस न बसलेल्या विद्यार्थ्यांना वगळून शाळेचा निकाल उत्तम लागावा, त्यांतलाच हा प्रकार. वस्तुतः यावरचा उपाय त्यापूर्वींच एके ठिकाणीं सुरू झाला होता. टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथील विल्फर्ड हॉल या हवाईदलाच्या रुग्णालयानें १९८५ सालापासून विमानांतून डॉक्टर व यंत्र बालकाकडेच पाठविण्यास प्रारंभ केला. रुग्ण फुप्फुसाकडे न्यावयाचा नाहीं. फुप्फुसच रुग्णाकडे जाणार, तेथें जोडलें जाणार, आणि मग दोघेहि बरोबर परत येणार! स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का रुग्णालयानें १९९६ पासून हीच पद्धत प्रौढांसाठींहि चालविली. स्वीडन देश लांबोडका, उत्तरेकडे वस्ती विरळ, हिवाळे कडक. तेथें याखेरीज गत्यंतरच नव्हतें.

प्रौढांच्या बाबतींत निर्णायक म्हणावा असा दाखला इंग्लंडांतून आला. तेथें २००१ ते २००६ या काळांत १८० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला व त्याचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. अर्धे रुग्ण त्यांच्या त्यांच्या रुग्णालयांतच ठेवले. अर्ध्यांना एक्मोचा विचार करण्यासाठीं लेस्टर येथें धाडावयाचें ठरलें. सहा महिन्यांनंतर धडपणें जगलेल्यांचें प्रमाण लेस्टरच्या गटांत शेंकडा ६३ आणि दुसऱ्या गटांत शेंकडा ४७ भरलें. ही बाजू सर्वांनीं उचलून धरली. दुसरी बाजू अशी कीं, त्या अभ्यासांत रुग्णांना साध्या व्हेंटिलेटरवरच लेस्टरला नेत असत, आणि त्या नव्वदांपैकीं पांच जण निघण्यापूर्वीं किंवा वाटेंतच वारले. या पांचांची नोंद तेथील संशोधकांनीं प्रामाणिकपणें आपल्याच खात्यावर मांडली, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

आतां प्रत्यक्ष प्रवास कसा होतो तें पाहूं. खरी नवलाई यंत्रांत नाहीं, तयारींत आहे.

जिल्ह्याच्या डॉक्टरांचा फोन येतो. इकडील तज्ज्ञ प्रश्नामागून प्रश्न विचारतात: वय काय, वजन किती, व्हेंटिलेटरवर किती दिवस झाले, दाब किती, मेंदूंत रक्तस्राव झाल्याचा संशय आहे काय? ‘किती दिवस’ हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चढ्या दाबावर सात दिवसांहून अधिक काळ लोटला असेल तर फुप्फुस पुन्हां उमलण्याची आशा फार मंदावते. लेस्टरच्या अभ्यासांत असे रुग्ण घेतच नव्हते. मग शल्यवैद्य, अतिदक्षतेचे डॉक्टर, यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ, परिचारिका अशीं चार-पांच माणसें निघतात. बरोबरच्या पेट्यांत सर्व कांहीं दुप्पट: नळ्या दुप्पट, चिमटे दुप्पट, कृत्रिम फुप्फुसहि एक जास्त. समोरच्या गांवीं कांहींएक मिळणार नाहीं असें धरूनच निघावयाचें, हा नियम. आजचीं प्रवासी यंत्रें सुमारें दहा किलो वजनाचीं असतात, म्हणजे बाजारांतून आणलेल्या तांदळाच्या पिशवीएवढीं. गिबनचें यंत्र ज्यांनीं छायाचित्रांत पाहिलें असेल त्यांना या फरकाचें खरें आश्चर्य वाटेल.

प्राणवायूचा हिशेब तर शाळेंतल्या त्रैराशिकासारखा मांडावा लागतो. यंत्रास मिनिटाला पांच लिटर, व्हेंटिलेटरास दहा, मिळून पंधरा. तासास नऊशें. पांच तासांचा रस्ता असेल तर साडेचार हजार लिटर. आणि घाटांत मालमोटार उलटून रस्ता बंद झाला तर? म्हणून उत्तरास दोहोंनीं गुणावयाचें: नऊ हजार लिटर घेतल्याखेरीज गाडी हलतां कामा नये. विजेचेंहि तसेंच. यंत्राच्या पोटांतील बॅटरी तास-दीड तास चालेल असें कारखानदार सांगतो. पण ती गाडींत जोडून ठेवण्याची सोय आहे कीं नाहीं, खटका चालतो कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं स्वतः पाहावयाचें असतें. एवढें करूनहि वीज गेलीच, तर पंप हातानें फिरविण्याचा एक दांडा बरोबर असतो. अर्ध्या रात्रीं, धांवत्या गाडींत, चौघांनीं पाळीपाळीनें दांडा फिरवीत एका माणसाचें रक्त वाहतें ठेवावें, हा प्रसंग येऊं नये यासाठीं सर्व खटाटोप. पण तो आलाच तर दांडा कोठें आहे हें अंधारांतहि सांपडलें पाहिजे.

रुग्णाच्या रुग्णालयांत पोंचल्यावर शल्यवैद्य नळ्या घालतो. रक्त नळींत गोठूं नये म्हणून हेपारिन नांवाचें औषध द्यावें लागतें. त्यामुळें रक्तस्रावाचें भय जन्मतें. गोठूं द्यावयाचें नाहीं आणि वाहूंहि द्यावयाचें नाहीं, अशा अरुंद बांधावरून पुढचे सर्व दिवस चालावयाचें असतें. पंप सुरू होतो. पहिल्या मिनिटांतच एक दृश्य दिसतें आणि तें वर्षानुवर्षें हें काम करणाऱ्यांनाहि शिळें होत नाहीं: बाहेर येणाऱ्या नळींतील रक्त जांभळासारखें काळपट आणि आंत जाणाऱ्या नळींतील कुंकवासारखें लाल. शेजारीं शेजारीं दोन नळ्या, दोन रंग. हेंच पुढें वाटेंतील पहिलें निशाण. दोन्ही नळ्या एका रंगाच्या दिसूं लागल्या कीं प्राणवायूची नळी कोठेंतरी निसटली असें समजावें. घंटा वाजण्याची वाट पाहूं नये.

यानंतर पुष्कळ वेळां गाडी लगेच निघत नाहीं, आणि नातेवाईक मंडळी अस्वस्थ होतात. एवढी घाई करून बोलाविलें, आतां हे थांबले कां? परंतु यंत्र लागल्यावर घाईचें कारणच संपलेलें असतें. रुग्णाचा रंग परत येतो, रक्तदाब स्थिर होतो, व्हेंटिलेटरचा जीवघेणा दाब उतरवितां येतो. आधीं प्रत्येक मिनिट वैरी होतें. आतां मिनिटें मित्र होतात. गाडीहि भरधांव न्यावयाची नसते. संथ, सारख्या वेगानें चालविणारा सारथी हा या पथकांतील एक महत्त्वाचा इसम आहे, आणि त्याचें नांव कोणत्याहि अहवालांत छापून येत नाहीं.

सर्वांत धोक्याचा प्रवास कोणता, असें या लोकांना विचारलें तर ते शेंकडों मैलांचा सांगत नाहींत. खाटेवरून स्ट्रेचरवर, हा दोन हातांचा सांगतात. प्रौढ माणसाच्या अंगांत रक्त सुमारें पांच लिटर. पंप मिनिटाला चार-पांच लिटर फिरवितो. म्हणजे बहुतेक सर्व रक्त मिनिटामिनिटाला शरीराबाहेर जाऊन परत येत असतें. पंपापुढची नळी निसटली तर पाऊण मिनिटाच्या आंत अर्धें रक्त जमिनीवर! आणि पंपामागची नळी सैल झाली तर तेथें ओढ असल्यामुळें रक्त बाहेर न येतां हवाच आंत शोषली जाते. म्हणून उचलण्यापूर्वीं एकजण रुग्णाचें डोकें धरतो, एकानें केवळ नळ्यांकडे पाहावयाचें असतें, चिमटे कोणाच्या हाताशीं आहेत हें मोठ्यानें विचारलें जातें, आणि एकाच माणसानें एक-दोन-तीन म्हणावयाचें. लिफ्टचें दार किती रुंद आहे याचें मापहि आधींच घेतलेलें असतें. हें ऐकून कोणास हसूं येईल. परंतु रुग्ण, पंप, सिलिंडर व माणसें यांची वरात लिफ्टपाशीं येऊन अडली, तर हसण्याची सोय राहत नाहीं.

अंतर चारशें किलोमीटरांच्या पुढें गेलें कीं विमानाचा विचार करावा लागतो, आणि तेथें पदार्थविज्ञान आडवें येतें. विमानाच्या आंतील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवीत नाहींत. तो सुमारें आठ हजार फूट उंचीवरील डोंगरमाथ्याएवढा उतरूं देतात. समुद्रकांठीं पारा ७६० मिलिमीटर चढतो, तो तेथें ५६५ च्या जवळपास राहतो. याचे परिणाम दोन. पहिला असा कीं प्राणवायूचा जोर तितक्या प्रमाणांत कमी होतो, रुग्णाच्या फुप्फुसांतहि आणि कृत्रिम फुप्फुसांतहि. दुसरा असा कीं कोंडलेली हवा फुगते. जमिनीवर शंभर मापें असलेली हवा वर एकशें पस्तीस मापांची जागा मागते. फुप्फुसाभोंवतीं चुकून थोडी हवा सांचली असेल, तर जी जमिनीवर निरुपद्रवी ती आकाशांत हृदय दाबूं लागते. हेलिकॉप्टरमध्यें उंचीची अडचण कमी, पण कानठळ्या बसविणारा आवाज; यंत्राची घंटा वाजली तरी ऐकूं येत नाहीं, दिव्यांवर डोळा ठेवावा लागतो. शिवाय शरीराबाहेर फिरणारें रक्त वाटेंत निवतें. तान्ह्या बालकांना ही थंडी फार लवकर बाधते.

इतकी काळजी घेऊनहि कांहींच बिघडत नाहीं असें नाहीं. स्टॉकहोमच्या पथकानें आपल्या शेंकडों प्रवासांचा हिशेब उघडपणें छापला आहे. चारांतून निदान एका प्रवासांत कांहींना कांहीं विघ्न आलेलें दिसतें: रुग्णाची प्रकृति बिघडली, उपकरण रुसलें, गाडीनें दगा दिला. तथापि वाटेंत मृत्यु अगदीं विरळा. विघ्नें येत नाहींत म्हणून रुग्ण पोंचतात असें नव्हे. विघ्न येईल असें धरून निघालेलीं माणसें बरोबर असतात म्हणून ते पोंचतात.

आपल्याकडे काय स्थिति आहे? महाराष्ट्रांत २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर बोलावतां येणारी रुग्णवाहिका सुरू झाली, तींतील कांहीं गाड्यांत व्हेंटिलेटर असतो. परंतु एक्मोचें पथक ही निराळी गोष्ट आहे आणि तें मोठ्या शहरांतील मोजक्याच रुग्णालयांपाशीं आहे. करोनाच्या साथींत, २०२० व २०२१ या वर्षीं, हिंदुस्थानांतहि रुग्णांना यंत्रावर ठेवून एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत, विशेषतः चेन्नईकडे, विमानानें नेण्यांत आलें. त्यांतील कांहीं चालत घरीं परतले, कांहीं परतले नाहींत. दुसऱ्या लाटेंत यंत्रें थोडीं आणि मागणारे फार, असा प्रसंग आला. आणि खर्चाचा आंकडा लाखांच्या घरांत जाणारा असल्यामुळें किती कुटुंबांनीं तो ऐकूनच फोन खालीं ठेवला असेल याची मोजदाद कोठेंच नाहीं. छुप्या मृत्यूंचा विषय येथेंहि येऊन भिडतो तो असा.

म्हणून आरंभींच्या त्या रुग्णाच्या पत्नीशीं डॉक्टर काय बोलतात, हें महत्त्वाचें. पथक येऊन पोंचलें आहे, सहीसाठीं कागद पुढें आहे, दीर शेजारीं उभे आहेत. उतावळा डॉक्टर म्हणेल, “वहिनी, मोठ्या यंत्रावर घालतों, बरे होतील.” हें खरें नव्हे. जाणता डॉक्टर तिला बसावयास सांगतो, स्वतःहि बसतो, आणि म्हणतो, “बाई, हें यंत्र तुमच्या यजमानांचें फुप्फुस बरें करणार नाहीं. बरें व्हावयाचें तें फुप्फुसानेंच. यंत्र त्याला फक्त सवड देईल. सवड दिल्यावर तें बरें होईलच असें आज कोणास सांगतां येणार नाहीं. वाटेंत आम्हीं जपूं. पण कांहीं आठवड्यांनीं असा दिवस येऊं शकेल कीं, यंत्र चालूं आहे आणि फुप्फुस मात्र परत येत नाहीं. त्या दिवशीं आपल्याला पुन्हां असेंच बसावें लागेल.”

दीर विचारतात, “डॉक्टरसाहेब, मग न्यावें कीं नाहीं?”

“न्यावें,” ते म्हणतात. “चौथाच दिवस आहे. दहाव्या दिवशीं विचारलें असतें तर कदाचित् नको म्हटलें असतें.”

तिला आणखी एकच गोष्ट विचारावयाची असते: बरोबर जातां येईल का? गाडींत जागा नाहीं. पथकाचीं पांच माणसें, सिलिंडरांची रांग, मध्यें रुग्ण. ती मागून दुसऱ्या गाडीनें येणार. निघण्यापूर्वीं परिचारिका तिला खाटेजवळ नेते, नळ्यांना धक्का लागणार नाहीं अशा बाजूनें उभी करते, आणि नवऱ्याच्या हातावर हात ठेवूं देते. हात चार दिवसांत प्रथमच ऊबदार लागतो. नखांवरचा निळेपणा गेलेला असतो.

पहाटे गाडी शहरांतील रुग्णालयाच्या दारांत शिरते. पुन्हां एक-दोन-तीन, पुन्हां एकाचे डोळे नळ्यांवर. रुग्ण आंत जातो, कागद दिले जातात, ज्यांच्या हातीं द्यावयाचा त्यांना वाटेंतील मिनिटामिनिटाचा वृत्तांत सांगितला जातो. मग तीं माणसें खालीं येतात, आणि चहाला जाण्यापूर्वीं गाडींतील चिमटे मोजतात, रिकामे सिलिंडर उतरवून भरलेले चढवितात, आणि बॅटरी विजेला लावून ठेवतात.